कुत्र्यासाठी देव लवकर जेवू लागले

जवळ ये गं जरा. कागदावरून जवळ कसं यायचं म्हणशील, तर तो मोबाईल पालथा घालून ठेव, चष्मा लाव आणि माझ्यासमोर बसल्यासारखी बस. आधी थोडं रागावून घेते, मग सांगते. नातेपुतं काय परदेशात आहे का? दिवाळी झाली, संक्रांत झाली, तुझा पत्ता नाही. आणि फोन केलास तो कशासाठी, तर "मावशी, आमचं कुत्रं पिवळं ओकलं." वर त्याचा फोटो! मी तेव्हा चहा पीत होते गं बाई.

तेही चाललं असतं. पण पुढं म्हणालीस, "आज दिवसभर उपाशीच ठेवते त्याला, पोटाला आराम पडेल." तिथं मला लई बोलायचं होतं. पण आमच्या वन्सं शेजारीच गहू निवडत बसल्या होत्या, आणि ही गोष्ट त्यांचं कौतुक केल्याशिवाय सांगताच येत नाही. त्यांना स्वतःचं कौतुक ऐकवत नाही. सूप तसंच टाकून उठून जातात आणि मग माझ्याशी कामापुरतंच बोलतात. म्हणून लिहायला बसले.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. तू लहानपणी त्यांना बघून माझ्या पदराआड लपायचीस. ऐन तरुणपणी त्यांच्या नवऱ्याचं बरंवाईट झालं, माहेरी आल्या आणि इथल्याच झाल्या. माझे सासरे देवळात पूजेला होते. ते गेल्यावर देवळाची पूजा भाऊबंदांकडं गेली, घरचे देव मात्र वन्संनी सांभाळले. सांभाळले म्हणजे कसे? धुतलेलं नेसून स्वयंपाक, दुपारी बाराला नैवेद्य, आणि नैवेद्य दाखवेपर्यंत घरात शिजलेला एक कण कुणाच्या तोंडात जायचा नाही. चहा चालायचा, फळ चालायचं, साखरफुटाणे चालायचे. शिजलेलं नाही. आमचा मुलगा शाळेत डबा न नेता वाढला, दुपारच्या सुट्टीत पळत घरी येऊन जेवायचा. मी या घरात आले तेव्हा पहिल्या आठवड्यात मला घेरी आली होती. पुढं पोटानंच सवय करून घेतली.

अशा घरात कुत्रं आलं कसं, तर यांच्या छातीमुळं. यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. मोठ्या डॉक्टरांनी बजावलं, रोज चालायचं, नाहीतर पुन्हा माझ्याकडं यायचं. हे म्हणायचे, "उद्यापासून." तो उद्या काही उजाडेना. रिटायर झालेला कारकून माणूस, जन्मभर खुर्चीत बसलेला. ऑपरेशननंतर तर बोलणंही कमी झालं. खिडकीपाशी बसायचं, पेपर मांडीवर, आणि नजर भलतीकडंच. मला त्या गप्प बसण्याची जास्त भीती वाटायची, चालण्याचं राहू दे.

मग शेजारी बांधकाम निघालं. तिथल्या वाळूच्या ढिगावर एक पिल्लू राहायचं. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला. ते आमच्या फाटकाशी यायचं आणि यांच्याकडं बघून कुईकुई करायचं. एक दिवस हे उठले, चपला घातल्या आणि त्याच्यामागं कोपऱ्यापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपर्यंत. पुढं थेट तळ्यापर्यंत जाऊ लागले. डॉक्टरांचं ऐकलं नाही, बायकोचं ऐकलं नाही, कुत्र्याचं ऐकलं! परत आले की सांगायचे, "आज यानं म्हशीला भुंकून दाखवलं. म्हशीनं बघितलंसुद्धा नाही गं." आणि हसायचे. तो हसण्याचा आवाज घरात परत आला म्हणून मी त्या कुत्र्याला ओवाळायचीच बाकी होते.

वन्संनी ठेवून घेतलं, पण अटी घालून. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. देवघराच्या वाटेवर बसायचं नाही. आणि तिसरी अट अशी की, "या घरात राहायचं तर घरची रीत त्यालाही लागू. देव जेवल्याशिवाय कुणी जेवत नाही. कुत्रंसुद्धा नाही."

आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट कौतुकच वाटायचं. बाराला घंटा वाजली की ते उंबऱ्याबाहेर शेपूट आपटत बसायचं, आणि आल्यागेल्याला आम्ही सांगायचो, "बघा, आमचं कुत्रंही नैवेद्याची वाट बघतं." लोक हात जोडायचे. एकानं तर त्याच्या पाया पडायचं बाकी ठेवलं.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग सुरू झालं ते पिवळं. सकाळी उठावं तर बोळात फेसाचं पिवळं थारोळं. कुत्रं आपलं कोपऱ्यात, मान खाली, सारखं ओठ चाटतंय, घटाघट आवंढे गिळतंय. पोटातून गुडगुड अशी की ह्या खोलीतून त्या खोलीत ऐकू यावी. दुपारी जेवलं की पुन्हा चांगलं. आम्ही म्हणायचो, काहीतरी बाहेरचं खाल्लं असेल. गवत दिसलं की तुटून पडायचं. एकदा वन्संनी गणपतीसाठी दूर्वा निवडून जुड्या बांधून ताम्हनात ठेवलेल्या. फुलं काढायला म्हणून वळल्या, तेवढ्यात ह्यानं अर्ध्या जुड्या फस्त केल्या आणि तिथंच ओकून ठेवल्या.

"मेल्या, देवाच्या दूर्वा!" वन्सं ओरडल्या. "ह्याला गणपती प्रसन्न होणार आहे का आता?"

हे म्हणाले, "अक्का, त्याचं पोट तर गणपतीसारखं नाही. पार खपाटीला गेलंय."

उपाय तर किती झाले! मी ताक दिलं. कुणी म्हणालं हिंग लाव बेंबीला. आता कुत्र्याची बेंबी शोधायची कुठं? शेजारच्या काकू मायेच्या, त्या दूधभाकरी कालवून द्यायच्या, आणि दुधाला तोंड लावलं नाही तर भाकरीवर शेंगाचटणी आणि तेल. ती मात्र तो चाटूनपुसून खायचा. सोलापूरचाच की शेवटी. वन्संनी, ज्यांनी त्याला कधी हात लावला नव्हता, त्यांनी लांबूनच मीठमोहऱ्या-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. मिरच्यांचा खाट उठला, आम्ही सगळे खोकलो, कुत्रं शिंकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पिवळं.

शेवटी व्हायचं ते झालं. उन्हाळ्याचे दिवस, वन्सं आंघोळ करून ओलेत्यानं देवघराकडं निघालेल्या, आणि नेमकं दारातच पाय पडला त्या थारोळ्यात. परत आंघोळ. त्यांचे गुडघे तुला माहीत आहेत, न्हाणीघराची पायरी चढताना भिंत धरावी लागते. बाहेर आल्या, केसांतून पाणी गळत होतं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

यांना म्हणाल्या, "माझ्यानं दोन-दोनदा आंघोळ होत नाही रे आता. ते कुत्रं वळसंगला पाठव. शेतात मोकळं राहील, त्यालाही बरं. पुतण्याला फोन कर."

चूक काय होतं त्यांचं? काहीच नाही. मी यांच्याकडं बघितलं. यांनी "बरं" म्हटलं, फोन केला, आणि खिडकीपाशी जाऊन बसले. त्या संध्याकाळी कुत्रं दोरी तोंडात धरून उभं राहिलं तरी हे उठले नाहीत. मला ते जुनं गप्प बसणं पुन्हा दिसलं. कुत्रं गेलं तर हा माणूस पुन्हा खुर्चीला चिकटणार, हे मला लख्ख दिसत होतं.

मी म्हटलं, "वळसंगला पाठवायचंच, तर बरं करून पाठवू. आजारी लेकरू कुणी सासरी पाठवतं का? उद्या जनावरांच्या डॉक्टरकडं चला."

डॉक्टर मुलगीच होती तरुण, मोकळी बोलणारी. कुत्र्याचं पोट दाबून बघितलं, तोंड उघडून घसा बघितला, आणि मग आमचीच उलटतपासणी.

"ओकतो कधी? जेवल्यावर की रिकाम्या पोटी?"

"सकाळी. उठल्या उठल्या."

"रात्री जेवतो कधी?"

"आमच्याबरोबर. दिवेलागणीनंतर लगेच."

"आणि सकाळी काय देता?"

हे म्हणाले, "सकाळी काही नाही. बारानंतर."

"बारानंतर? का?"

आता काय सांगायचं? हे माझ्याकडं बघायला लागले, मी यांच्याकडं. शेवटी मीच म्हटलं, "आमच्याकडं देव बाराला जेवतात."

ती हसली नाही गं. पेन खाली ठेवलं आणि समजावून सांगितलं. पोट फार वेळ रिकामं राहिलं की आतलं आम्ल आणि पित्त साठतं. खायला काही नसलं की ते पोटालाच टोचतं, वर घशाशी येतं. ओठ चाटणं, आवंढे गिळणं, गवत खाणं ही सगळी त्याचीच लक्षणं. औषध देते, पण औषधाइतकीच वेळ महत्त्वाची. रात्री झोपताना थोडं, सकाळी उठल्याबरोबर थोडं. एकदम पोटभर नाही, थोडं थोडं. तेल-तिखट बंद, दूध बंद. चटणीतला लसूण तर कुत्र्याला विषासारखा, तो कायमचा बंद. तुमच्या ॲसिडिटीच्या गोळ्या मनानं देऊ नका. आणि ओकारीत रक्त दिसलं किंवा पाणीही टिकेना, की घरी बसायचं नाही, सरळ घेऊन यायचं. हे तुझ्यासाठीही लिहितेय, वाचतेस ना?

जाताना विचारलं, "अंडं चालेल का याला?"

हे म्हणाले, "याला चालेल. माझ्या बहिणीला चालणार नाही."

रिक्षात मी मनाशी हिशोब केला. औषधाची अडचण नव्हती, रात्रीचीही नव्हती. अडचण सकाळची. वन्संना सांगायचं कसं, की देवाच्या आधी कुत्र्याला घाला? ज्यांनी सख्ख्या भाच्याला कधी घातलं नाही, त्यांना?

यांनी आपली कारकुनी वाट काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हे जिन्याखाली उकिडवे बसलेत आणि शर्टाच्या खिशातून बिस्किटं काढून त्याला भरवतायत. बिस्कीट काही घरी शिजलेलं नाही, असा यांचा कायदा. आणि मागं वन्सं उभ्या, हातात फुलांची परडी.

"काय चाललंय?"

एवढा मोठा माणूस, छाती फाडून शिवलेला, पण थोरल्या बहिणीपुढं असा दचकला की बिस्किटं सांडली. मग सगळं सांगितलं. डॉक्टरीण काय म्हणाली ते, रिकामं पोट, आम्ल वर येणं, सगळं. शेवटी म्हणाले, "तू म्हणशील तसं करू अक्का. वळसंगचा पोरगा येणारच आहे. पण तोवर तरी..."

वन्संनी मध्येच विचारलं, "घशाशी आंबट येतं त्याच्या?"

"हो."

"छातीत जळतं?"

"जळतच असणार."

वन्सं खाली बसल्या. जिन्याच्या पायरीवर, परडी मांडीत. त्यांना स्वतःला ही व्याधी कितीतरी वर्षांची. सकाळी अकराच्या सुमाराला, नैवेद्याच्या ऐन स्वयंपाकात, छातीवर मूठ दाबून उभ्या राहायच्या, सोड्याची चिमूट टाकून पाणी प्यायच्या आणि पुन्हा तव्याकडं वळायच्या. आम्ही विचारलं तर म्हणायच्या, काही नाही, पित्त आहे.

कुत्र्याकडं बघत म्हणाल्या, "मला जळतं तेव्हा मी निदान भिंतीला सांगते. हा कुणाला सांगत असेल?"

कुत्रं बिस्किटाचा चुरा चाटत होतं.

"ही बिस्किटं बंद कर," वन्सं उठत म्हणाल्या. "माझ्या बापाच्या घरात कुणी चोरून खाल्लेलं नाही. कुत्र्याला तरी ती सवय कशाला लावतोस?"

मला वाटलं, संपलं सगळं. आता वळसंगच.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला भांड्यांच्या आवाजानं जाग आली. तांबडंही फुटलं नव्हतं. स्वयंपाकघरात दिवा, वन्सं आंघोळ करून, धुतलेलं नेसून, गॅसवर मऊ भात टाकून बसलेल्या. मी घाबरले. म्हटलं आज कुठली तिथी विसरले मी?

"वन्सं, आज काय आहे?"

"काही नाही. देवांना उठवतेय."

तोवर हेही आले डोळे चोळत. "अक्का, नैवेद्य? आता? बाबांची बाराची वेळ गं. त्यांनी कधी मोडली नाही."

वन्संनी पळीनं भात हलवला. माझ्या अजून कानात आहे त्या काय बोलल्या ते. "बाबा देवळातली पूजा उरकून, तिथला नैवेद्य दाखवून, उन्हात चालत घरी यायचे. त्याला बारा वाजायचे. म्हणून बारा. त्यांचे पाय जितके चालायचे तितकी ती वेळ होती. देवानं काय घड्याळ बघून बारा सांगितले होते होय रे? रीत आहे की देवाआधी खायचं नाही. ती मी मोडत नाही. पण देवानं लवकर जेवू नये अशी काही रीत नाही ना?"

इतकी वर्षं आम्ही सगळे बारा-बारा करत बसलो. मुलाला उपाशी शाळेत पाठवलं. आणि जिच्या धाकानं ते सगळं चाललं, तिनंच एका पहाटे पळी हलवता हलवता देवाचं घड्याळ सहा तासांनी मागं केलं. ना रीत मोडली, ना कुणाचं पोट.

त्यातही त्यांची अक्कल बघ. सगळा भात एका पातेल्यात, बिनमिठाचा. देवापुढच्या मुदीवर तूप आणि वरण. नैवेद्य दाखवला की पातेल्यातला सगळाच भात प्रसाद झाला. मग त्या भातातला तुपाशिवायचा, तिखटाशिवायचा घास कुत्र्याच्या वाटीत. डॉक्टरीणही खूश, देवही खूश. डॉक्टरिणीनं सांगितलेलं पाकिटातलं खाणं हे अंगणात भिजवून घालतात, सकाळी उशिरा आणि संध्याकाळी, तिकडं वन्सं बघत नाहीत. झोपायच्या आधी पुन्हा चार घास. शेजारच्या काकूंना मात्र वन्संनी स्वतः जाऊन सांगितलं. काकू म्हणाल्या, "अहो, एक घास चटणीचा, त्यानं काय होतंय?" तर वन्सं म्हणाल्या, "तुम्ही खा, मी डबा भरून देते. त्याच्या घशाखाली उतरली तर गाठ माझ्याशी आहे."

लगेच काही जादू झाली नाही, बरं का. मध्ये शेजारच्या एका लग्नात कुणीतरी त्याला भजी टाकली, पुन्हा दोन सकाळी पिवळं. वन्संनी तेव्हा आंघोळ पुन्हा केली, भिंत धरून, आणि एक शब्द बोलल्या नाहीत. पण हळूहळू ओठ चाटणं थांबलं. गुडगुड थांबली. अंगावर मांस आलं. आणि सकाळी खाल्ल्यावर थोडं थांबून तो दोरी तोंडात धरून यांच्यापुढं उभा राहू लागला.

मग एक दिवस वळसंगचा पुतण्या आला, भाजीचा टेम्पो सोलापुरात रिकामा करून. दारातूनच आवाज, "काकू, कुत्रं कुटं हाय? न्यायचं की. मागं पोतं अंथरलंय त्याच्यासाठी."

यांच्या हातातला पेपर तसाच राहिला. फोन केला होता यांनी, आणि 'येऊ नको' असा उलटा फोन करायची आमच्यापैकी कुणाची हिंमत झाली नव्हती. वन्सं म्हणाल्याच नव्हत्या ना तसं.

वन्सं आतून आल्या. "बस. चहा घेतोस?"

"घेतो की. पर ऊन व्हायच्या आत निघाया पायजे. कुत्रं..."

"पहाटे शेतावर कोण असतं तुमच्या?"

"कोन असनार? आमी उजाडल्यावर जातो."

"मग त्याला पहाटे भात कोण देणार?"

पुतण्याला काही कळेना. "आत्या, कुत्र्याला भात? पहाटं? दुपारी भाकर टाकतो की आमी. उरलीसुरली."

"मग नाही जमायचं," वन्सं म्हणाल्या. "त्याला पित्ताचा त्रास आहे. तुला चहाबरोबर पोहे देते, खाऊन जा. नैवेद्य झालाय."

पुतण्या यांच्याकडं बघतोय, हे माझ्याकडं बघतायत. तो पोहे खाऊन, डोकं खाजवत, पोत्याची घडी घालून गेला. जाताना मला हळूच म्हणाला, "काकू, आत्या बरी हाय न्हवं?" मी म्हटलं, "लई बरी आहे बाबा. कधी नव्हती इतकी."

आणि खरंच सांगते. वन्संची ती मूठ आता छातीवर जात नाही. सोड्याची बाटली फडताळात तशीच आहे. मी एकदा म्हणायला गेले, "वन्सं, तुमचंही पित्त..." तर म्हणाल्या, "भाजी करपेल, तिकडं बघ." आता त्यांनी त्याला हात लावलाय असं समजू नकोस. अजूनही नाही. वाटी जमिनीवर ठेवतात आणि दोन पावलं मागं सरतात. पण तो खाईपर्यंत उभ्या राहतात, गुडघे दुखत असले तरी. एखादा घास राहिला तर विचारतात, "का रे, काय झालं?" माझ्यासारखी बडबडी बाई आयुष्यभर माया माया करत राहिली. वन्संनी एकदाही तो शब्द उच्चारला नाही आणि देवाला पहाटे उठवलं. ही बाई माझी नणंद आहे, याचा मला अभिमान वाटतो. हे कुणाला तरी सांगायचंच होतं. तुला सांगितलं.

तेव्हा तुझ्या लेकराला उपाशी ठेवू नकोस. आधी डॉक्टरला दाखव, आणि सकाळची वाटी चुकवू नकोस. उत्तर लिहीत बसू नकोस, सरळ ये. कुत्र्यालाही आण, इथं अंगण आहे. हे दोघांना घेऊन तळ्यावर जातील. मुक्कामालाच ये, म्हणजे पहाटेचा गरम भात मिळेल. तुला बोलावलंय हे वन्संना मी अजून सांगितलं नाही, पण परवा त्यांनीच विचारलं, "ती नातेपुत्याची पोरगी येतच नाही का गं आता?" वाट बघतायत त्या. लवकर ये.